जलवाहतुकीचा पाठ कुठून सुरू करायचा?

'वाहतुकीची साधने' शिकवताना सी-प्लेनचं चित्र दाखवलं की मुलं खूश होतात. दाखवावंच. ३१ ऑक्टोबर २०२० ला केवडिया ते अहमदाबाद सी-प्लेन सुरू झालं, पुढच्याच वर्षी बंदही पडलं. केवडियाच्या वरच्या अंगाला, सरदार सरोवराच्या काठी आपलं मणिबेली. अक्कलकुवा-धडगावच्या बुडितातल्या कितीतरी पाड्यांना पाणी चढलं की बोटीशिवाय गत नाही. दवाखाना, बाजार, शाळा, सगळं बोटीनं.

म्हणजे आपल्या पोरांना जलवाहतूक पुस्तकातून कळायची गरजच नाही. पण बोटीत कसं बसायचं, हे कोण शिकवतं? १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भुषाजवळ नर्मदेत माणसांनी भरलेली बोट उलटली. त्यात लहान मुलंही गेली.

माझं मत स्पष्ट आहे, हा पाठ लाइफ जॅकेटपासून सुरू करा. एक वर्गात आणा, प्रत्येकाला घालायला लावा, पट्टे आवळून बघा. मोठ्यांचं जॅकेट लहानग्याच्या डोक्यावरून निसटतं, मापाचंच हवं. आणि पालकहो, बोट भरलेली दिसली तर पुढच्या फेरीला थांबा. बोटवाले दादा चिडतील. चिडू द्या.