सहार विमानतळावरून शहरात येण्यासाठी रात्रीची बस सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
शहर सार्वजनिक वाहतूक,
मुंबई.

विषय : टर्मिनल 2 येथून दादर, परळ, सीएसएमटी व कुलाबा भागातील हॉटेल-लॉजपर्यंत रात्रभर बस मिळण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील आमचे यापूर्वीचे अर्ज व आपल्या कार्यालयात झालेल्या भेटी.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे दादर, परळ आणि फोर्टमधले लहान हॉटेल-लॉजचालक, तिथे नाईट ड्युटी करणारे कर्मचारी आणि सहारला उतरून या भागात मुक्कामाला येणारे प्रवासी आहोत. आधीच्या प्रत्येक अर्जाची पोच आमच्याकडे आहे. उत्तर एकाचेही आलेले नाही, म्हणून पुन्हा लिहीत आहोत.

दिवसाची सोय झाली आहे, हे आधीच नमूद करतो. ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो 3 कफ परेडपर्यंत पोहोचली. टर्मिनल 2 च्या स्थानकात बसलेला माणूस आता गाडी न बदलता दादरला, सीएसएमटीला, हुतात्मा चौकाला उतरतो. पण शेवटची मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते आणि पहिली सकाळी सहाच्या आगेमागे. परदेशातून येणारी बरीचशी विमाने नेमकी या मधल्या वेळात उतरतात.

रात्री दीडला उतरलेला माणूस इमिग्रेशन, बॅगा, कस्टम आटोपून बाहेर येईपर्यंत अडीच वाजतात. तेव्हा लोकलही बंद असते. रिक्षा वांद्रे-शीवच्या पुढे येत नाही, हे बाहेरगावच्या माणसाला ठाऊक नसते. तो रिक्षा करतो, वांद्र्याला उतरतो आणि दोन बॅगा सांभाळत रस्त्यावर टॅक्सीला हात करत राहतो. टॅक्सी मिळाली तर रात्रीचे सव्वापट भाडे. ते नियमाने आहे, टॅक्सीवाल्यांबद्दल आमची तक्रार नाही. ज्याला ते परवडत नाही, त्याने कशाने यायचे, एवढेच आम्ही विचारत आहोत. असे कित्येक जण टर्मिनलबाहेर कठड्यावर बसून पहाट काढतात, आणि त्या रात्रीचे खोलीभाडे तर त्यांनी आधीच भरलेले असते.

परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात, हे आपणास सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकाच्या लॉजवर पहाटे चारला एक बाई आल्या. सकाळी नवऱ्याची तपासणी होती. फलकावर बसचे चित्र पाहून त्यांनी आजारी माणसाला बॅगेवर बसवले आणि त्या बसची वाट पाहत राहिल्या. बस आलीच नाही. लॉजवर पोहोचल्या तेव्हा एक्स-रेचे पाकीट भिजून चिकटले होते. टॅक्सीला पैसे गेल्याने खोलीची आगाऊ रक्कमही पुरी भरता आली नाही. ही हकिकत आम्ही मागच्या अर्जातही लिहिली होती.

पहिल्या भेटीत आम्हाला सांगण्यात आले, गणपती होऊ द्या. गणपती झाले. मग मेट्रो पूर्ण झाली की तिला जोडून वेळापत्रक करू, असे ठरले. मेट्रो पूर्ण झाली. त्यानंतर महापालिका निवडणुकीची आचारसंहिता आली. तीही उठली. आता गाड्या कमी असल्याचे सांगितले जाते. जाऊन-येऊन तीन तास धरले, तरी अर्ध्या तासाला एक फेरी सहा गाड्यांत बसते. रात्री आगारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांतून सहा काढता येत नाहीत, हे आम्हाला पटत नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी : टर्मिनल 2, टर्मिनल 1, वांद्रे, दादर, परळ, सीएसएमटी, कुलाबा या मार्गावर रात्री 10 ते सकाळी 6 दर अर्ध्या तासाने बस सोडावी. थांबा आगमन कक्षाच्या दारातून दिसेल असा असावा, बाहेरच्या रस्त्यावर नको. मोठ्या बॅगांसाठी दाराजवळची दोन बाके काढून जागा करावी. तिकीट रोखीने मिळालेच पाहिजे. नुकत्याच उतरलेल्या माणसाचे सिमकार्ड चालू नसते, त्याला मोबाईलवर तिकीट काढा म्हणणे म्हणजे बसमधून उतरा म्हणण्यासारखेच आहे. वाहकाकडे सुट्टे पैसे द्यावेत.

याशिवाय थांब्यावर मराठी, हिंदी व इंग्रजीत वेळापत्रक लावावे आणि मेट्रो स्थानकाकडे नेणारे बाण वाढवावेत.

या वेळी कृपया तोंडी आश्वासन देऊ नये. पहिली बस कोणत्या तारखेला सुटणार, ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.

आपले नम्र,
सहीकर्ते
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)