रिकामी पिन

आरसी कार म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात : स्टिअरिंग आणि थ्रॉटल. पण फ्लायस्काय एफएस-आय६ सारखा रिमोट घेतला तर चॅनल मिळतात सहा. म्हणजे रिसीव्हरवर चार जागा रिकाम्या! मग हेडलाईट, हॉर्न, विंच लावायचं ठरतं आणि लगेच कोणीतरी म्हणतं, "अरे, रेडिमेड आरसी स्विच मिळतो, मागवून टाक ना!"

माझं भांडण इथेच आहे. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे टेक्निकल शब्द मराठीत सुचत नाहीत, तेव्हा वर्कशॉपमध्ये बोलतो तसंच लिहिते.)

त्या रिकाम्या पिनवर येतो तो नुसता निरोप. साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स, १ ते २ मिलिसेकंद लांबीची. ही लांबी मायक्रोकंट्रोलरने मोजायची आणि दिवा लावायचा की नाही ते ठरवायचं. झाला स्विच! पण १.५ ला सीमा ठेवली तर पल्स किंचित हलली तरी दिवा लुकलुकतो. म्हणून १.६ च्या वर चालू, १.४ च्या खाली बंद, मध्ये असेल तर आहे तसंच. हिस्टेरेसिसची व्याख्या आपण जर्नलमध्ये कितीदा उतरवली असेल, पण ती लागते कशाला हे इथे कळतं.

पुढचा प्रश्न करंटचा. एलईडीला २० मिलिअँपिअर पुरतात. विंचच्या मोटरला कित्येक अँपिअर लागतात. ती रिसीव्हरच्याच सप्लायवर टाकली तर व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर बंद पडतो आणि स्टिअरिंगही जातं. म्हणून मोटरला वेगळी बॅटरी, मध्ये मॉसफेट, मोटरला उलटा डायोड आणि सगळ्यांचं ग्राउंड एकच. मेकॅनिकलवाल्यांनी नाराज होऊ नये. रिकाम्या चॅनलला एक सर्व्हो लावा, त्याच्या हातानं साधं बटण दाबा. एकही ओळ कोड न लिहिता काम होतं!

आणि सगळ्यात महत्त्वाचं : सिग्नल गेला तर? काही रिसीव्हर पल्स बंद करतात, काही शेवटचीच पल्स देत राहतात. दिवा चालू राहिला तर बिघडत नाही, पण विंच चालू राहिली आणि दोरीत कोणाचं बोट असलं तर? रेडिमेड स्विच लावणाऱ्याला हा प्रश्न बहुधा पडतच नाही. स्वतः बनवणाऱ्याला तो टाळता येत नाही. प्रत्येकाने चाकं अधांतरी ठेवून, विंचची दोरी मोकळी सोडून एकदा रिमोट बंद करून बघावाच. उद्या आपल्यातलेच कोणी लिफ्ट, क्रेन नाहीतर ड्रोन बनवणार आहेत. तिथेही हाच प्रश्न असतो, फक्त बोटाऐवजी जीव असतो.

सरांना आणि मॅडमना एक विनंती. मिनी प्रोजेक्टच्या व्हायवात "काय काय लावलंय?" असं विचारण्याआधी "सिग्नल गेला तर काय होईल?" हे विचारा. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी लॅब उघडी ठेवा, कारण हॉस्टेलच्या रूममध्ये ऑसिलोस्कोप नसतो हो!

रेडिमेड स्विच जरूर विकत घ्या, पण आधी एक स्वतः बनवून झाल्यावर. नाहीतर चार वर्षांनी डिग्री हातात येईल आणि ती पिन मात्र रिकामीच राहील.