नटबोल्ट : धडधड छातीत, गडबड पोटात



मागच्या अंकात ए.सी.च्या बिलाबद्दल लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी भेटल्यावर आपापली बिलं काढून दाखवली, काहींनी तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू ती मीच पाठवतो! या वेळी मात्र दुसऱ्या कुणाचं यंत्र नाही, माझं स्वतःचंच यंत्र उघडून बसलोय.

गेल्या गणपतीतली गोष्ट. आरती झाली, पंगत बसली. मसालेभात, अळूवडी, बटाट्याची भाजी, आणि मोदकांवर तूप घेताना "बस" म्हणायचं मी नेहमीप्रमाणे विसरलो. साडेदहाला पांगापांग, मग खलिफा सिटीत परतताना चौघा मित्रांबरोबर कडक करक चहा. बाराला आडवा झालो. दीडच्या सुमारास जाग आली ती छातीतल्या धक्क्याने. एक ठोका चुकल्यासारखा, मग एकदम जोरात 'धप्प'. पुन्हा तेच. मग धडधड सुरू झाली ती थांबेचना. वरून विमान गेलं, तर त्याच्या आवाजापेक्षा माझ्या कानातला आवाज मोठा!

आता इथे थोडं मागे जायला हवं. माझे वडील १९९७ साली गेले. सांगली जिल्ह्यातलं आमचं छोटं गाव, रात्रीची वेळ. "गॅस धरलाय छातीत" म्हणाले. आईने ओवा दिला, मग सोडा दिला. पहाटे जीप मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. वय पन्नास. मी तेव्हा बारावीत होतो.

आज मी सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि नोकरी करतो ती नेमकी गॅस प्लँटमध्ये. इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. म्हणजे दिवसभर गॅसचं प्रेशर बघायचं, आणि रात्री स्वतःच्या गॅसने दचकून उठायचं. त्यात त्या महिन्यात कंपनीत कपातीची कुजबुज होती. इथे नोकरी गेली म्हणजे नुसता पगार जात नाही. व्हिसा, घर, मुलीचं बारावीचं वर्ष, सगळी माळच ओघळते. हे तुम्हा वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

सौ. उठून बसली होती. मी म्हटलं, "काही नाही गं, गॅस असेल." हे शब्द तोंडातून निघाले आणि आम्ही दोघंही गप्प झालो. तिने आधी अँब्युलन्सचा ९९८ लावला आणि मग म्हणाली, "अहो, शर्ट घाला. गॅस आहे की नाही ते तिथे ठरवतील."

आपत्कालीन विभागात मी आत गेल्यागेल्या ई.सी.जी. निघाला. छातीची तक्रार असेल तर पहिल्या दहा मिनिटांत तो काढावा असा जगभरचा दंडक आहे. मग रक्तातलं ट्रोपोनिन तपासलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे रक्तात वाढतं. काही तासांनी पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा ठीक. पुढच्या आठवड्यात इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, पोटॅशियम, आणि शेवटी चोवीस तासांचा हॉल्टर.

हा हॉल्टर म्हणजे आमच्या जातीचा माणूस. नॉर्मन हॉल्टर, अमेरिकेतल्या माँटाना राज्यातला संशोधक. चालत्याफिरत्या माणसाचा ई.सी.जी. घ्यायचा म्हणून त्याने १९४०च्या दशकात यंत्र बनवलं, ते पाठीवर घ्यायचं आणि वजन सुमारे ३८ किलो! मला मात्र मोबाईलपेक्षा छोटी डबी कमरेला लावून सोडलं. सोबत एक वही : काय खाल्लं, काय केलं, धडधड कधी झाली, ते लिहायचं.

निकाल वाचून माझ्यातला इंजिनिअर खूश झाला. आपलं हृदय दिवसात साधारण एक लाख वेळा ठोके देतं. माझ्या लाखभर ठोक्यांत काही शे ठोके अवेळी पडलेले. प्रकार असा होतो : एक ठोका वेळेच्या आधीच पडतो. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो जाणवतच नाही. त्यानंतर थोडा लांब विसावा येतो, तोच आपल्याला 'चुकलेला ठोका' वाटतो. त्या विसाव्यात हृदयात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात बसतो. तोच तो 'धप्प'. चांगल्या निरोगी माणसांनाही असे ठोके पडतात, बऱ्याच जणांना पत्ताही नसतो. फक्त दमणूक, जागरण, चहा-कॉफी, सिगारेट, दारू, ताप, उन्हाळ्यात घामावाटे गेलेलं पाणी आणि क्षार, यांनी त्यांची संख्या वाढते.

पण माझ्या वहीतली गंमत वेगळीच. बरेचसे ठोके रात्रीच्या जेवणानंतर. आणि एक झुबका दुपारी चार वाजता. वहीत बघितलं तर तिथे लिहिलं होतं : "एच.आर.चा फोन."

डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या, हसल्या. कागदावर चित्र काढून म्हणाल्या, "हे बघा, तुमची अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या अगदी पाठीला लागून जाते." इतकी लागून, की हृदयाची बारीक तपासणी करायची असेल तर घशातून अन्ननलिकेत नळी घालून मागून सोनोग्राफी करतात. म्हणजे भिंत सामाईक. शेजारच्या घरात खलबत्ता कुटला तर आपल्याकडे ऐकू येणारच. शिवाय मेंदूतून निघणारी व्हेगस ही नस हृदयालाही जाते आणि जठरालाही. पोटातल्या खबरी याच वाटेने वर जातात आणि हृदयाला आवरण्याचे हुकूम याच वाटेने खाली येतात. जठर फुगलं की श्वासपटलाला वर ढकलतं. जेवणानंतर पचनासाठी रक्त पोटाकडे जातं, तेव्हा हृदयाला जरा जोरात चालावंच लागतं. लुडविग रोमहेल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १९१२ सालीच पोट आणि हृदय यांच्या या कुरबुरीवर लिहून ठेवलंय.

आणि मन? जेकब दा कोस्टा हे अमेरिकन डॉक्टर. तिथल्या यादवी युद्धातले शेकडो सैनिक धडधड, धाप, छातीत दुखणं घेऊन त्यांच्याकडे आले. हृदयात ठोस बिघाड काही सापडेना. युद्धातली दमछाक होतीच, अनेकांना आधी ताप किंवा जुलाबही झालेले. १८७१ साली त्यांनी याला 'चिडकं हृदय' म्हटलं. पोट, मन आणि छाती हे त्रिकूट तेव्हापासून कागदावर आहे.

आमच्या धंद्यात एक प्रकार असतो. माइक स्पीकरजवळ नेला की किंचाळतो ना, तोच. आवाज आत जातो, वाढून बाहेर येतो, पुन्हा आत जातो. इथेही तेच. धडधड झाली की भीती वाटते, भीतीने अॅड्रेनॅलिन सुटतं, त्याने धडधड वाढते, ती बघून भीती आणखी वाढते. त्यात घाबरून भराभर श्वास घेतला की हवा गिळली जाते आणि पोट पुन्हा फुगतं. चक्र कुठेतरी तोडायचं असतं. मला सगळ्यात सोपी जागा सापडली ती श्वासाची. श्वास सोडायचा तो घेण्यापेक्षा लांबवायचा, पाच मिनिटं. हृदय हळूहळू लायनीवर येतं.

खरं तर आपल्या भाषेला हे आधीच ठाऊक होतं. भीती वाटली की आपल्या पोटात गोळा येतो, काळजाचा ठोका चुकतो. ज्याला आपण काळीज म्हणतो, त्याची कलेजी मटणवाल्याकडे मागा, तो यकृत काढून देतो! हृदय, यकृत, पोट, आपण कधी फारसा भेद केलाच नाही. आणि काळजी तर काळजाच्या शेजारीच बसलेली.

पण मंडळी, हा लेख वाचून कुणी "चला, म्हणजे गॅसच असतो" असं म्हणणार असेल तर त्याने पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आपल्या दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना सुमारे ५९व्या. आमच्या प्लँटमध्ये तीन सेन्सर असतात, तीनपैकी दोघांनी धोका सांगितला तरच प्लँट बंद करतो. छातीच्या बाबतीत हा नियम लावू नका, इथे एकच पुरे. छातीवर दाब, हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारी कळ, थंड घाम, धाप, चक्कर किंवा शुद्ध हरपणं, श्रम करताना होणारी धडधड, यातलं एकही असलं तर ९९८. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. मधुमेही आणि वयस्क मंडळींना तर छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. धडधड एकाएकी सुरू होऊन थांबतच नसेल, नाडी अगदी बेताल लागत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तरीही दाखवायलाच हवं. थायरॉइड आणि रक्त कमी असणं हीसुद्धा धडधडीची नेहमीची कारणं, विशेषतः घरातल्या बायकांनी अंगावर काढू नये.

आणखी एक. सुट्टीवरून येताना आपण सगळेच बॅगेत अॅसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं आणतो. त्यातल्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर शरीरातलं मॅग्नेशियम उतरू शकतं, आणि त्यानेच ठोके बिघडतात. काहींत डॉम्पेरिडोन मिसळलेलं असतं. हृदयाच्या तालावर त्याचा परिणाम होतो म्हणून युरोपात २०१४ साली त्याच्या वापरावर बंधनं आली. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नका.

मी काय केलं? रात्रीचं जेवण साडेसातला, झोपण्याआधी तीन तास. पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच. करक चहा दिवसातून एक, तोही दुपारच्या आत. रोज चाळीस मिनिटं चालणं, उन्हाळ्यात मॉलमध्ये. कपातीची भीती गेली का? नाही. पण आता तिला नाव आहे, आणि सौ.बरोबर बसून आम्ही 'नोकरी गेलीच तर' असा हिशेब एका कागदावर मांडलाय. कागदावर उतरलेली भीती निदान रात्री दीडला उठवत नाही.

आईला मी हे सगळं महिनाभर सांगितलं नव्हतं. रिपोर्ट हातात आल्यावर फोन केला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ओवा मीच दिला होता रे. तेव्हाच नेलं असतं तर..." इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. मी म्हटलं, "आई, नुसतं ऐकून गॅस की हृदय हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मलाही आधी मशीनलाच जोडलं. तुझ्याकडे मशीन कुठे होतं? जीपसुद्धा नव्हती."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "जेवलास का?"

"जेवलो."

"लवकर जेवत जा."

तर मंडळी, येत्या पंगतीत मला मोदकाचा आग्रह करू नका. केलाच तर दुपारी करा. पुढच्या अंकात भेटूच.

लोभ आहेच, तो वाढावा.