बेस्ट म्हणजे बेस्ट? घंटा!

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "तू सायकलवाला ना? वीस हजारांत बेस्ट एमटीबी सांग." मी विचारलं, चालवणार कोण आणि कुठे? तर साहेब वैतागले. "अरे, बेस्ट म्हणजे बेस्ट!"

तर मंडळी, या "बेस्ट म्हणजे बेस्ट"शी आज माझं भांडण आहे. आणि भांडायचा अधिकार मला आहे, कारण हाच गाढवपणा मी स्वतः केलाय.

माझी भाची भोकरदन तालुक्यात राहते. नववीत गेली तेव्हा मामाने (म्हणजे अस्मादिकांनी) जालन्याहून सायकल घेऊन दिली. शाळा चार किलोमीटर, त्यातली दीड किलोमीटर पांदण. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, दोन डिस्क ब्रेक, २१ गिअर. नंतर कापसाच्या काट्यावर मोजली तर १७ किलो! जूनमध्ये दोन पाऊस झाले आणि पांदणीतली काळी माती चाकाला जी बसली, ती फ्रेमपर्यंत. चाक फिरेना. पोरीने सायकल ओढत घरी आणली. त्यात बाभळीचं फाटं अडकून मागचा डिरेलर वाकला. गावातला मिस्त्री म्हणाला, "ह्याचं सामान इथं भेटत नाही." पंधरा दिवस सायकल गोठ्यात. कधी कुणाच्या मोटरसायकलवर, कधी चालत, कधी दांडी. एक चाचणी बुडाली. मग मैत्रिणीच्या साध्या लेडीज सायकलवर डबलसीट. ती सायकल मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली. आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी सरकारची योजना आहे ती.

फोनवर भाची म्हणाली, "मामा, सायकल लई भारी दिसती. चालत नाही फक्त."

याहून चांगला रिव्ह्यू मी आजवर वाचलेला नाही.

आता गंमत बघा. माउंटन बाइक जन्मली कशी? १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची. मागचा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर फेरीनंतर नव्याने भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं रीपॅक. १९८१ साली स्पेशलाइज्डने स्टम्पजंपर बाजारात आणली, तिलाही सस्पेन्शन नव्हतं. म्हणजे आधी रस्ता होता, मग त्या रस्त्याला चालेल अशी सायकल झाली. आपण उलटं करतो. आधी फोटो बघून सायकल घेतो, मग तिच्यासाठी रस्ता शोधत फिरतो.

जालना जिल्ह्यापुरतं बोलतो, कारण तेवढंच मला नीट माहीत आहे. इथे माउंटन म्हणाल तर उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी. बाकी सगळा मुरूम, खडी, डांबर आणि काळी माती. (समृद्धी महामार्ग जिल्ह्यातूनच जातो, पण त्यावर सायकलला बंदी आहे.)

मुरूम, खडी आणि कालव्याकाठचे रस्ते: सस्पेन्शन नसलेली किंवा फक्त पुढे असलेली सायकल, दोन इंची टायर, हवा जरा कमी. खरं सस्पेन्शन ते टायरच.

काळी माती: खरं सांगायचं तर वाफसा येईपर्यंत कुठलीच सायकल चालत नाही, लाखाचीही नाही. पण टायर आणि फ्रेममध्ये दोन बोटं जागा असेल तर काटकीने चिखल काढता येतो, आणि सायकल हलकी असेल तर खांद्यावर घेता येते. चार इंची फॅट टायर म्हणजे चार इंची चिखल.

डोंगरातल्या पायवाटा: इथे मात्र पुढचा चांगला फोर्क आणि डिस्क ब्रेक पाहिजेच. पण केबलचे घ्या. केबल कुठेही मिळते, हायड्रॉलिकचं तेल भोकरदनला शोधून दाखवा.

आणि सगळीकडे सराटे आणि वेडी बाभूळ. पंक्चरचं सामान आणि पंप आधी घ्या, बाटलीचा स्टँड नंतर.

आता ते २१ गिअर. आपण इंजिनिअर ना? मग करू भागाकार. पुढे ४२-३४-२४ दातांच्या चकत्या, मागे १४ ते २८. सगळ्यात जड गिअर ३.०, सगळ्यात हलका ०.८६. म्हणजे साडेतीन पट रेंज. आता पुढे एकच ३२ ची चकती आणि मागे ११ ते ४६ असे ११ गिअर. जड २.९१, हलका ०.७०. रेंज ४.१८ पट! म्हणजे ११ गिअरवाली सायकल २१ वालीपेक्षा जास्त चढ चढते. २१ मधले बरेचसे गिअर एकमेकांच्या अंगावर पडलेले असतात. तरी दुकानात गिऱ्हाईक मोजतं काय, तर गिअर.

आणि चालवणारा? दुकानात विचारतात, "पाय टेकतात का?" पाय टेकणं महत्त्वाचं नाही हो, पेडल मारताना गुडघा जवळपास सरळ होतो की नाही ते महत्त्वाचं. नववीतल्या मुलीला सहा फुटी माणसाची फ्रेम दिली तर सायकलचा ब्रँड कुठलाही असो, पाठ तिचीच दुखणार.

यावर कुणी म्हणेल, "पण दोन्हीकडे सस्पेन्शन वाईटच का?" अजिबात नाही. चांगलं असतं, पण महाग असतं. दहा-बारा हजारांत जे मिळतं ते सस्पेन्शन नाही, स्प्रिंग आहे. चढावर तुम्ही पेडल मारता आणि बराच जोर ती खाते. त्याच पैशात साध्या फ्रेमची, बऱ्या बेअरिंगची सायकल येते.

म्हणून पुढच्या वेळी कुणी "बेस्ट एमटीबी"ची यादी टाकली तर आधी बघा, लिहिणाऱ्याने रस्ता सांगितलाय का, उंची सांगितलीये का, आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार ते सांगितलंय का. नसेल तर ती जाहिरात आहे, मग पैसे घेतलेले असोत वा नसोत.

असो. भाचीला नंतर साधी, बिनगिअरची सायकल घेऊन दिली. गावातला मिस्त्री ती डोळे मिटून खोलतो. यंदा ती दहावीत आहे. स्प्रिंगवाली अजून गोठ्यात आहे, तिच्यावर कोंबड्या बसतात. त्यांना मात्र सस्पेन्शन आवडलेलं दिसतंय :-)