सवलत मालकाला, नोकरी कोणाला?

बेकारीचा प्रश्न उग्र झाला म्हणजे सरकारपुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. स्वतः कामे काढून लोकांना मजुरी द्यावी, हा एक. आणि खासगी मालकांना सवलती देऊन त्यांच्याकरवी माणसे कामावर घ्यावीत, हा दुसरा. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात पहिला मार्ग धरला. केंद्र सरकारचा कल अलीकडे दुसऱ्या मार्गाकडे आहे. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली आणि पुढे ‘प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना’ असे नामकरण झालेली योजना याच प्रकारची आहे. तिच्यासाठी ९९,४४६ कोटी रुपयांची तरतूद असून १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या दोन वर्षांत साडेतीन कोटी नोकऱ्यांना चालना देण्याचे उद्दिष्ट आहे. साधा भागाकार केला तर एका नोकरीमागे सरासरी सुमारे २८ हजार ४०० रुपये पडतात. एवढ्या रकमेत नोकरी खरोखर निर्माण होते काय, हा प्रश्न करदात्याने विचारलाच पाहिजे.

योजनेचे दोन भाग आहेत. प्रथमच नोकरीस लागणाऱ्यास एका महिन्याचे वेतन, कमाल १५ हजार रुपये, दोन हप्त्यांत मिळावयाचे आहे. दुसऱ्या भागात मालकाला प्रत्येक जादा कामगारामागे दरमहा कमाल तीन हजार रुपये दोन वर्षे मिळतील; कारखानदारीसाठी ही मदत चार वर्षे आहे. पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने किमान दोन आणि त्याहून मोठ्या आस्थापनेने किमान पाच माणसे जादा घेतली पाहिजेत व ती सहा महिने टिकली पाहिजेत, अशी अट आहे.

याशिवाय आयकरातील सवलत आहे ती निराळीच. कलम ८०-जेजेएए या नावाने ओळखली जाणारी ही तरतूद १९९८ च्या वित्त कायद्याने आली, २०१६ साली व्यापक झाली आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही कायम राहिली. वेतनाचा खर्च उत्पन्नातून वजा होतोच; नव्या कामगाराच्या बाबतीत त्या वेतनाच्या आणखी ३० टक्के रक्कम तीन वर्षे वजा करता येते. समजा, दरमहा २५ हजारांवर एक माणूस घेतला. वर्षाचे वेतन तीन लाख, त्याचे ३० टक्के म्हणजे ९० हजार. अधिभार व उपकर धरून २५.१७ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीचे त्यावर वर्षाला सुमारे साडेबावीस हजार रुपये वाचतात. म्हणजे वेतनाचा भार साडेसात टक्क्यांनी हलका होतो.

परंतु हा लाभ कोणाला? ज्याला नफा आहे त्यालाच. तोट्यात असलेल्या कारखान्याला करच नसतो, मग सवलत कशातून मिळणार? शिवाय ज्यांना हिशेबांचे लेखापरीक्षण आयकर कायद्यानुसार सक्तीचे आहे, त्यांनाच ही तरतूद लागू आहे. मालेगावचा किंवा इचलकरंजीचा चार मागांचा लहान मागवाला तिच्या कक्षेबाहेरच राहतो. वेतनाची २५ हजारांची मर्यादाही २०१६ मध्ये ठरली तेथेच आहे. महागाई मात्र थांबलेली नाही.

नोंद म्हणजे नोकरी नव्हे

श्रमाची मागणी ही मालाच्या मागणीतून उद्भवते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. गोदामात माल पडून असताना केवळ तीन हजार रुपये मिळतात म्हणून कोणी माणूस ठेवीत नाही. उलट, मालाला उठाव असेल तर मालक माणसे घेणारच असतो. सवलत त्याला आयती मिळते. त्यामुळे अशा योजनांतील पैशाचा मोठा भाग तसाही मिळालेल्या नोकऱ्यांवर खर्च होण्याचा धोका असतो.

दुसरा धोका मोजमापाचा आहे. २०१६ च्या प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजनेचे लाभार्थी सुमारे १ कोटी २१ लाख, तर २०२० च्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेचे सुमारे ६० लाख असल्याचे सरकारने सांगितले. ही गणती भविष्य निर्वाह निधीच्या खात्यांवरून होते. वर्षानुवर्षे त्याच दुकानात राबणाऱ्या माणसाचे नाव आज प्रथमच निधीच्या वहीत चढले, तर त्याला संरक्षण मिळाले, आणि ते चांगलेच झाले. पण त्यामुळे एकाही बेकाराच्या घरी चूल पेटलेली नसते.

हा अनुभव आपल्यापुरता नाही. अमेरिकेने १९७७ व १९७८ या दोन वर्षांत, आदल्या वर्षापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक रोजगार वाढविणाऱ्या मालकांना करात थेट सूट दिली होती. अशी सूट आहे हेच अनेक लहान मालकांना ठाऊक नव्हते, असे तेव्हाच्या पाहणीत दिसून आले. ज्यांच्या पदरी करसल्लागार असतो त्यांना सवलत सापडते. इतरांना ती वर्तमानपत्रातच दिसते.

त्यातही एक विसंगती आहे. एका हाताने सरकार माणसे घ्या म्हणते आणि दुसऱ्या हाताने यंत्रे स्वस्त करते. महाराष्ट्राची १९६४ पासूनची सामूहिक प्रोत्साहन योजना प्रामुख्याने भांडवली गुंतवणुकीशी बांधलेली राहिली. केंद्राची २०२० ची १ लाख ९७ हजार कोटींची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजना मुख्यत्वे वाढीव विक्रीवर पैसे देते. रोजगार योजनेच्या जवळजवळ दुप्पट ही रक्कम! यंत्राला दुहेरी आणि माणसाला एकेरी पाठबळ मिळाल्यावर कारखानदार कोणाची निवड करील?

हजेरीपट कोठे आहे?

येथे रोजगार हमी योजनेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या त्या योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. शिक्षक आणि कारकून यांच्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये आजही कापले जातात, ते त्याच कराचे. त्या पैशातून काम करणाऱ्या मजुराचे नाव हजेरीपटावर असे, त्याने खणलेली माती मोजली जाई आणि मोजमापाप्रमाणेच मजुरी मिळे. मजुराच्या टोपलीला जे माप लावले, ते मालकाच्या सवलतीला लावावयास काय हरकत आहे?

योजना सर्वस्वी टाकाऊ आहे, असे नव्हे. सहा महिन्यांची अट आणि कारखानदारीला दिलेला अधिक काळ या गोष्टी योग्यच आहेत. पण खरी कसोटी सवलत संपल्यानंतरची आहे. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा महिन्यांच्या विद्यावेतनाची मुदत पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवावी लागली आणि तरीही ‘आम्हांला कायम करा’ म्हणून प्रशिक्षणार्थींना आंदोलने करावी लागली, हे विसरता येणार नाही.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक आहेत. कोणत्या आस्थापनेस किती रक्कम मिळाली आणि तेथील एकूण कामगारसंख्या किती वाढली, हे दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. मदतीचा काही हिस्सा राखून ठेवून, सवलतीची मुदत संपल्यावर वर्षभर माणूस टिकला तरच तो द्यावा. आणि लहान मालकांना नफ्याची व लेखापरीक्षणाची अट न घालता थेट साहाय्य मिळावे. पगारदाराचा कर हाती पैसे पडण्यापूर्वीच कापला जातो. त्याला त्यातून सुटका नाही. त्याच्या पैशातून मालकाला सवलत द्यावयाची असेल, तर तिचा हजेरीपट त्याला पाहावयास मिळालाच पाहिजे.