गगनबावड्यात घर, पण भाडेकरू कोण?

मंदीची कुणकुण लागली की आम्हा आयटीवाल्यांना भाड्याचं उत्पन्न आठवतं. सध्या मित्रमंडळींत गगनबावड्याचं खूळ आहे. धुकं, गगनगड, धो धो पाऊस... बंगला बांधू, वीकेंडला भाड्यानं देऊ!

मला हे पटत नाही. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज, म्हणजे हप्ता साधारण ४३,४०० रुपये. मंदीत लोक पहिली काट मारतात ती सहलीला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पर्यटन पार झोपलं. २०२४ मध्ये कोकणात उतरणारा करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी महिनोन्महिने बंद, म्हणजे वाटेवरचं गिऱ्हाईकही गेलं. हप्ता मात्र चालूच!

मग हिंजवडीत फ्लॅट घ्यावा? तिथे भाडेकरूही आयटीवालाच. २००८ सारखं काही झालं तर तुमचा पगार आणि त्याचं भाडं एकदमच अडकायचं.

म्हणून मी म्हणतो, भाडेकरूचा पगार आपल्या धंद्याबाहेरून यायला हवा. गगनबावडा हे तालुक्याचं ठिकाण. बदलीवर येणारे शिक्षक, तहसीलचे कर्मचारी यांना साध्या दोन खोल्या लागतात. मार्च २०२० चा पगार राज्य सरकारनं टप्प्याटप्प्यानं दिला, पण दिला! भाडं कमी मिळेल, पण कर्जही बेताचंच लागेल.

अर्थात आधी गावात चौकशी करा. कितीजण खोली शोधतात, कितीजण कोल्हापूरहून ये-जा करतात? जमीन बिगरशेती आहे ना, तेही बघा.

आणि सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी शिल्लक नसेल, तर यंदा पावसात नुसतं फिरून या, झालं!