ओसरीएवढी खोली



श्टुटगार्टजवळच्या आमच्या गावातल्या छोट्या चर्चच्या मागे एक खोली आहे. साडेचार मीटर बाय साडेपाच. वर्षानुवर्षं तिच्यात मोडक्या खुर्च्या, नाताळातले गव्हाच्या काड्यांचे तारे आणि कुणाच्या तरी आजोबांची पेटी, एवढाच संसार. दर बुधवारी आठ-दहा जण बायबल वाचायला जमतात ते मोठ्या हॉलमध्ये, अंगात कोट घालून. २०२२ च्या हिवाळ्यात गॅस महागल्यापासून अख्खा हॉल तापवणं कुणालाच परवडेना. इकडे आमचा शनिवारचा मराठीचा वर्ग या घरातून त्या घरात फिरत होता. पास्टरबाई म्हणाल्या, ‘ती खोली मिळून नीट करू, आणि दोघंही वापरू.’

चर्चच्या समितीपुढे विषय गेला तेव्हा एका वयस्क सभासदाने सरळच विचारलं, ‘तुमची मुलं मराठी शिकणार, त्यात चर्चचा काय संबंध?’ प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांना तंजावरची गोष्ट सांगितली. श्वार्ट्‌झ नावाचा पाद्री हाले शहरात तयार होऊन १७५० मध्ये तरंगमबाडीला उतरला तो १७९८ मध्ये मरेपर्यंत तिकडेच राहिला. तंजावरच्या भोसल्यांचा सर्फोजी लहानपणापासून त्याच्या छत्राखाली वाढला, शिकला. सर्फोजी काही ख्रिस्ती झाला नाही. पण गुरूसाठी त्याने फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करून घेतलं आणि ते तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं. मरणशय्येवरचा गुरू आणि शेजारी मराठी राजा, असं ते शिल्प आहे. आजोबा काहीच बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र रंगाचा डबा घेऊन हजर!

आता आमची फजिती. इंजिनीअर माणूस, त्यामुळे आराखडा आमच्याकडेच. टेबलं इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी, समोर पांढरा फळा, छताला कचेरीच्या मापाने ५०० लक्सचे दिवे, कोट अडकवायला बाहेर बोळात लोखंडी स्टँड. एक गोष्ट मात्र बरोबर जमली, दार ९० सेंटीमीटर केलं, म्हणजे चाकाची चौकट ढकलत येणाऱ्या आजी आत येऊ शकतात. बाकी सगळं चुकलं. पहिल्या बुधवारी पास्टरबाई आणि एक निवृत्त मास्तर, एवढेच बोलले. शनिवारी आमची सात मुलं परीक्षेला बसल्यासारखी बसली. आणि नुकतीच भारतातून आलेली एक आई दीड तास बोळातच उभी राहिली. अंगातला कोटसुद्धा काढला नाही तिने. आम्ही तीनदा ‘या ना आत’ म्हटलं. ती हसली आणि तिथेच राहिली.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, ‘तुम्ही ऑफिसची मीटिंग रूम केलीत. तिथे माणूस हजेरी लावतो, बोलत नाही.’

पास्टरबाईंनाही हे सांगितलं, तर त्यांनी जुनाच दाखला काढला. १६७० मध्ये फ्रांकफुर्टला स्पेनर नावाच्या पाद्र्याने आपल्या घरी थोड्या लोकांना जमवून वाचन-चर्चा सुरू केली. गर्दी वाढली, म्हणून १६८२ मध्ये बैठक चर्चमध्ये हलवली. झालं! शिकलेले तेवढे बोलत राहिले, साध्या माणसांची तोंडं मिटली. आमच्या व्युर्टेंबर्गमध्ये अशा घरगुती बैठकांना १७४३ मध्ये रीतसर परवानगी मिळाली, आणि जुनी माणसं त्यांना अजून ‘श्टुंड’, म्हणजे ‘तास’ म्हणतात.

आम्हाला एकदम आजीची ओसरी आठवली. चातुर्मासात तिथे पोथी चाले. शेजारच्या काकू वाती वळता वळता मधेच विचारत, ‘पण मग तिचं काय झालं हो?’ हात कामात, डोळे वातीवर, म्हणून प्रश्न सुटत असणार. शिवाय ओसरीला समोरची बाजू अशी नसते, आणि काठावर बसलेल्याला न सांगता उठून जाता येतं.

मग मोडतोड केली. एक जुनं लंबगोल टेबल मिळालं. दहा खुर्च्या, सगळ्या सारख्या. एक जरी हातांची असली की तिच्यावर कोण बसणार हे आपोआप ठरतं. छताचे दिवे बंद ठेवून टेबलावर खाली लोंबणारा पिवळसर दिवा लावला. फळा भिंतीच्या कोपऱ्यात. चहाची किटली आत, कोटाच्या खुंट्याही आत. दारात काच, म्हणजे आत कोण आहे ते पाहून येता येतं. फडताळात ल्यूथरचं बायबल आणि शेजारी बालभारतीची पुस्तकं.

भिंतीवर क्रूस आहे. पास्टरबाईंनी विचारलं, ‘शनिवारी काढून ठेवू का?’ आम्ही नको म्हटलं. पाहुण्याने यजमानाचे देव उतरवायला सांगू नयेत, एवढंच आमचं म्हणणं. आमच्यातल्या एका कुटुंबाला हे पटलं नाही. ते येईनासे झाले. भांडण नाही, मंगळवारी बाजारात भेटतात, बोलतात. पण त्यांची दोन मुलं वर्गात नाहीत याची रुखरुख आहे, आणि तिच्यावर आमच्याकडे आराखडा नाही.

ती बोळातली आई तिसऱ्या शनिवारी आत आली. काचेतून बघितलं, कोट खुंटीला लावला, कपात चहा ओतून घेतला. मुलं ‘कमळ’ म्हणताना ‘कमल’ म्हणत होती. तिने सहज जीभ कशी वळवायची ते दाखवलं. तेवढ्यात बुधवारी विसरलेला चष्मा न्यायला त्या चाकाच्या चौकटीवाल्या आजी आल्या, थबकल्या, आणि त्यांनीही ‘ळ’ म्हणून पाहिला. मुलं खो-खो हसली. आजीही.

आता मुळाक्षरं तीच शिकवते. खुंट्या कमी पडायला लागल्या आहेत. या शनिवारी आणखी चार ठोकायच्या आहेत. कुणाकडे ड्रिल असेल तर घेऊन या.